सटवाजी नाईकाचा हुलिया

१

नांदेडच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं चित्रकला शिकवते आहे, आणि तितकीच वर्षं रविवारी आणि सुट्टीत माणसांचे चेहरे काढले. आसपासच्या तालुक्यांतल्या शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायती यांच्या भिंतींवर टांगलेली पन्नासेक माणसं माझ्या हातची आहेत. काम ठरलेलं असायचं. कुणीतरी जुना फोटो किंवा कॅलेंडरातलं चित्र आणून द्यायचं. मी त्याला भाग्यनगरमधल्या माझ्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी, तैलरंगात मोठं करायचे. बरोबर अकरा वाजता त्या खिडकीत चांगला उजेड यायचा आणि मी कामाला बसायचे. एकटी राहते, त्यामुळे मध्ये उठवायला कुणी नसायचं.

माझ्याकडे देणगी म्हणावी अशी एकच गोष्ट होती. एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नसे. वीस वर्षांपूर्वी बसमध्ये शेजारी बसलेली बाई मला आजही काढता आली असती. हे अभिमानाने सांगत नाही. पुढे काय झालं ते कळावं म्हणून सांगते.

जुलैमध्ये नायगाव तालुक्यातल्या देवपिंपरीच्या शाळेतून दयानंद सर आले. तिथले मुख्याध्यापक. शाळेत नवं सभागृह बांधलं होतं आणि सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनी, तिथं गावच्या सटवाजी नाईकाचं चित्र लावायचं होतं.

"इंग्रजांच्या पलटणीला तीन वर्षं झुंजवलं त्यांनी," सर म्हणाले. "पलटणीचे लोक गावोगाव फिरले. पण सापडले नाहीत ते नाहीतच. आमच्या मुलांना त्यांचं नाव माहीत आहे, पण डोळ्यांपुढं काही नाही."

"फोटो? एखादं जुनं चित्र?"

"काहीच नाही, मॅडम. तुम्ही एकदा गावात या. म्हाताऱ्या माणसांना ऐकलेलं असतंय ना."

२

देवपिंपरीला मी दोन दिवस गेले. लोकांनी चहा पाजला, खुर्च्या मांडल्या आणि भरभरून सांगितलं. सटवाजी पटका कसा बांधायचा, डावा पदर किती लांब सोडायचा. काळी घोडी कशी होती. एका बैठकीत किती भाकरी खायचा. गोदावरीला पूर असताना पलीकडं कसा गेला. मी वहीत सगळं लिहून घेतलं. पटक्याचं रेखाटन तिथंच करून दाखवलं तर एका म्हाताऱ्याने पेन्सिल मागून पदर दोन बोटं वाढवून दिला.

पण चेहऱ्याचं विचारलं की बोलणं दुसरीकडे वळायचं. कुणी रागावलं नाही, कुणी उठून गेलं नाही. नुसतं पावसाचं, सोयाबीनचं बोलायला लागायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, त्यांना माहीत नसणार. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की "माहीत नाही" असं एकानेही म्हटलेलं नाही.

शेवटी सर मला केवळाबाईंकडे घेऊन गेले. नाईकांच्या घराण्यातली सगळ्यांत म्हातारी सून. ओसरीवर बसून तुरीची डाळ निवडत होत्या.

"आजी, नाक कसं होतं, डोळे कसे होते, कुणी सांगितलंय का तुम्हाला?"

"तोंड न्हाई सांगत आमच्यात," त्या डाळीकडे बघत म्हणाल्या.

"का बरं?"

"इचारणारे इचारतेत म्हणून."

"कोण विचारतं?"

त्यांनी मान वर केली. "आता तूच इचारून राहिलीस न्हाई का, बाई?"

दयानंद सर ओशाळून हसले. परतताना म्हणाले, "जुनी माणसं आहेत. पलटणीच्या भीतीनं तेव्हा कुणी वर्णन सांगत नसतील, तीच सवय पडलेली. आता कोण येणार आहे विचारायला? तुम्ही मनानं काढा, मॅडम."

मलाही ते पटलं.

३

मनाने चेहरा काढणं मला कधी जमलं नाही. समोर माणूस लागतो. ऑगस्टमध्ये माझा धाकटा भाऊ श्रीनाथ विद्यापीठात पेपर तपासायला म्हणून चार दिवस नांदेडला आला. तो उदगीरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. उंच, रुंद कपाळाचा, जरा पुढे आलेल्या हनुवटीचा. संध्याकाळी तो खिडकीशी उभा राहून चहा पीत होता आणि मला एकदम वाटलं, पटका बांधला तर हाच.

"बस रे इथं. दोन दिवस सकाळी तासभर."

"मी? बंडखोर?" तो हसला. "ताई, मला मनस्विनी भाजी आणायला पाठवते तर मी दोनदा यादी विचारतो."

"तोंड बंद ठेव. हनुवटी हलते."

"इंग्रजांना घाबरून हलून राहिली."

मनस्विनी त्याची बायको. त्याने बसल्या बसल्या तिला व्हिडिओ कॉल करून पटका दाखवला आणि दोघं हसत सुटले. मी काढत गेले. चित्र माझ्या आजवरच्या कामांत सगळ्यांत जिवंत झालं. डाव्या भुवईत श्रीनाथला एक खाच आहे, लहानपणी मी त्याला झोक्यावरून पाडलं होतं तेव्हाची. ती वगळायला हवी होती. पण ती रंगवल्यावर चित्रातल्या डोळ्याला असं काही पाणी चढलं की पुसवेना.

तीन सप्टेंबरला मी चित्राचा फोटो दयानंद सरांना पाठवला. त्यांनी तो शाळेच्या ग्रुपवर टाकला.

४

पाच तारखेला, शनिवारी, सकाळपासून पाऊस होता. अकराच्या सुमाराला दार वाजलं. बेल असताना कुणीतरी बोटांनी वाजवत होतं.

पन्नाशीचे गृहस्थ होते. पांढरा शर्ट, खोचलेला. हातात कागदाची घडी. म्हणाले, "सटवाजी नाईकाची तसबीर आपण केलीत?"

गावाकडचे असतील, सरांनी पाठवलं असेल, असं समजून मी आत घेतलं. ते चित्रासमोर उभे राहून एकेक रेघ पाहू लागले. चित्र इतकं लक्ष देऊन पाहणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. मला बरं वाटलं, खोटं का बोलू?

"आम्हाला हुलिया मिळत नव्हता," ते म्हणाले.

हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. आजोबा निजामाच्या काळातल्या गोष्टी सांगायचे तेव्हा यायचा. फरारी माणसाचं वर्णन म्हणजे हुलिया. दंड, कपाळ, तीळ, व्रण, सगळं.

"उंची?"

"साधारण पाच फूट दहा इंच धरलीय."

त्यांनी लिहून घेतलं. "ही खूण डाव्या भुवईवर. जन्माची की जखमेची?"

"जखमेची."

"कानाची पाळी सुटी की चिकटलेली? पटक्याखाली दिसत नाही."

"सुटी," मी म्हणाले.

ते विचारत गेले आणि मी सांगत गेले. त्यांचा आवाज थकलेला होता, अदबशीर होता. एकदा माझी नजर खाली गेली. त्यांच्या बुटांवर घोट्यापर्यंत धूळ होती. कोरडी, पिठासारखी. खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता.

रिक्षाने आले असतील, मी मनात म्हटलं. रिक्षाने आलं तरी पाय भिजतात, पण इतका विचार मी तेव्हा केला नाही.

"मूळ कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"हा चेहरा कुठून घेतलात?"

आणि मी सांगितलं. कुणीही सांगितलं असतं. "माझा भाऊ आहे. श्रीनाथ. उदगीरला असतो."

त्यांनी तेही लिहिलं. "मेहेरबानी, बाई. फार दिवस झाले होते."

दार उघडून ते बाहेर गेले, आणि तेव्हा मला जिन्यात आणखी माणसं असल्याचं जाणवलं. कातडी पट्टा आवळल्यासारखा आवाज. कुणीतरी दम घेत होतं. लोखंडावर लोखंड हलकेच वाजलं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. तिन्ही मजले खालपर्यंत मोकळे होते, आणि पायऱ्या कोरड्या होत्या.

५

दयानंद सरांना फोन लावला.

"मी कुणालाच पत्ता दिला नाही, मॅडम. कोण होतं?"

"सांगते," मी म्हणाले, आणि सांगता आलं नाही.

शर्ट सांगितला, कागदाची घडी सांगितली. चेहरा आठवायला गेले तर तिथं काही नव्हतंच. मी हसून फोन ठेवला आणि कागद, कोळशाची कांडी घेऊन बसले. आठवण डोळ्यांत नसली तरी हातात असते, असा माझा अनुभव. कॉलर काढली, मान काढली. मानेच्या वर हात थांबला. चार कागद झाले आणि चारही गळ्यापर्यंतच आले. अर्धा तास तो माणूस माझ्यापासून तीन हातांवर, उत्तरेच्या उजेडात उभा होता.

वय झालं, मी म्हटलं. परीक्षेच्या कामाचा शीण आहे. बीपीची गोळी घेतली आणि चित्र बालाजीकडे फ्रेमला पाठवून दिलं.

मंगळवारी श्रीनाथचा फोन आला. तो नेहमीसारखाच मजेत होता.

"ताई, तुझ्या चित्रामुळं मी प्रसिद्ध झालो बघ. कॉलेजात चार-पाच जण माझी चौकशी करून गेले. भुवईवर खूण असलेला मास्तर इथंच शिकवतो का म्हणून."

"कोण होते?"

"माणिकप्पाला विचारलं." माणिकप्पा त्यांच्या कॉलेजचा शिपाई. "त्याला काही सांगता येईना. कशे होते म्हटलं, तर म्हणतो, सर, होते की माणसं. तोंडं कुठं बघितली मी."

"श्रीनाथ, काही दिवस रजा घेऊन नांदेडला येतोस?"

"कशाला? परीक्षा चालू आहेत." मग आवाज उतरवून म्हणाला, "मनस्विनी म्हणते, काल कॉलनीच्या तोंडाशी उभे होते. आज दुपारी शेजारच्या घरापुढं होते म्हणे. तिला भास होत असतील. तू तिला काही बोलू नकोस."

६

दोन दिवसांची रजा टाकून बुधवारी पहिल्या एसटीने मुखेड, जळकोटमार्गे उदगीरला पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. श्रीनाथ घरीच होता. मनस्विनीने त्याला जाऊ दिलं नव्हतं. तिने पोळ्या केल्या, आम्ही जेवलो, कोर्ट-कचेरीतल्या कुणाचा तरी गैरसमज झाला असेल असं बोललो. पोलिसांत जावं का? जाऊन काय सांगायचं? कुणी धमकी दिली नव्हती, कुणी आवाजही चढवला नव्हता. आलेल्या माणसांचं वर्णन विचारलं असतं तर घरातल्या तिघांपैकी एकालाही ते देता आलं नसतं.

तीनला मनस्विनी एकदम थांबली. हातातलं ताट तसंच धरून म्हणाली, "आले."

मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आलं. घोडा तोंडातला लगाम चावतो तो आवाज. लहानपणी टांग्याच्या अड्ड्यावर ऐकलेला, ओला, दातांचा आणि लोखंडाचा. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून, अगदी संथ.

त्यांच्या घराचं फाटक पत्र्याचं आहे, खाली वीतभर फट. खिडकीतून ती फट दिसत होती. पाऊस नुकताच थांबला होता आणि रस्त्यावर पाणी चकाकत होतं. त्या फटीत बुटांची टोकं होती. मी मोजली. सहा जोड. सगळी टोकं आतल्या बाजूला. बुटांवर कोरडी धूळ होती आणि ते पाण्यात उभे होते. एकही पाय हलत नव्हता. हुकूम मिळेपर्यंत माणसं उभी राहतात तसे.

"मी जाऊन विचारतो," श्रीनाथ म्हणाला. पण तो उठला नाही. माझा धाकटा भाऊ, सत्तेचाळीस वर्षांचा, पलंगाच्या कडेला हात घट्ट धरून बसला होता.

मी गेले. अंगणात बारा पावलं चालले आणि फाटक उघडलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. समोरची बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी तिला विचारलं, आत्ता इथं कोण उभं होतं?

"तुमच्याकडचेच ना?" ती म्हणाली. "रोज येतेत की. आज एकदम फाटकालाच लागले होते."

७

तिथूनच दयानंद सरांना फोन करून केवळाबाईंशी बोलायचं आहे म्हटलं. ते त्यांच्या ओसरीवर गेले आणि फोन त्यांच्या कानाला लावला. मी सगळं सांगितलं.

"आजी, चित्र पुसून टाकू का?"

"पुसून काय उपेग? त्यांच्यापाशी लिवल्यालं हाय आता."

"मग काय करू?"

फोनमधून सुपात डाळ पाखडल्याचा आवाज आला.

"त्यांनी सटवाजीला कंदी बघितलं न्हाई, बाई. म्हणून तर इचारतेत. तू जे तोंड दाखवशील त्येच त्यांना खरं हाय." मग म्हणाल्या, "एकाचं सुटायचं म्हणलं तर दुसऱ्या कुणाचं तरी द्यावं लागतंय. आमच्यात दिलं न्हाई कुणी. म्हणून आमी बोलतच न्हाई."

नांदेडला परतताना एसटीत मी खिडकीशी बसले होते. मुखेडला माणसं चढली, उतरली. मी एकेका चेहऱ्याकडे पाहत होते. हा? ही? पेरू विकणारा, कंडक्टर, सीटवर झोपलेला म्हातारा. माझ्याच नजरेची मला शिसारी आली. स्वतःचा चेहरा द्यावा असंही मनात आलं. आलं आणि गेलं. मी शूर बाई नाही.

पण मुखेड आणि नांदेडच्या मध्ये कुठंतरी आणखी एक चेहरा सुचला. तो मला आठवत नव्हता, इतकीच अडचण होती.

८

गुरुवारी सकाळी बालाजीच्या दुकानातून चित्र परत आणलं. रंग अजून पुरते वाळले नव्हते. सुरीने आणि टर्पेंटाइनने चेहरा खरवडून काढला. श्रीनाथचे डोळे सगळ्यांत शेवटी पुसले. पटक्याखाली मातीच्या रंगाचा एक डाग राहिला. ईझल खिडकीशी लावलं, समोर खुर्ची ठेवली आणि दाराची कडी काढली.

अकराला दार वाजलं.

"आपण चेहरा पुसलात," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, काळजी होती.

"चूक झाली होती. तो माझा भाऊ होता, सटवाजी नाईक नव्हे. तुमचा कागद चुकलाय."

त्यांनी घडी उलगडून पाहिली, मग रिकाम्या पटक्याकडे पाहिलं. "आमची माणसं उदगीरला पोचली आहेत."

"म्हणूनच घाई आहे. खरा चेहरा आज देते. बसा तुम्ही."

ते बसले. मला वाटलं होतं काही विचारतील. पण हुलिया मिळणार म्हटल्यावर ते शाळेतल्या मुलासारखे गुडघ्यावर हात ठेवून बसले. उजेड त्यांच्या तोंडावर पडला आणि मी पाहिलं.

काय पाहिलं ते सांगता येत नाही. काही भयंकर नव्हतं, इतकं सांगते. माणसाचाच चेहरा होता. मी कपाळ पाहिलं आणि नजर कॅनव्हासवर आणली, तेवढ्यात कपाळ गेलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा गेलं. मग मी मुलांना शिकवते तसं केलं. कॅनव्हासकडे पाहणंच सोडलं. डोळे त्यांच्यावर ठेवले आणि ब्रश आपोआप फिरू दिला. नजर जिथून सरके तिथं हात सरके. किती वेळ गेला कळलं नाही. मधूनच डोक्यात काहीतरी निसटल्यासारखं होई, ओल्या भिंतीचा पोपडा गळावा तसं. पण मी नजर काढली नाही.

"फार फिरलो आम्ही," ते एकदा म्हणाले. "आता सापडेल ना?"

"सापडेल," मी म्हणाले.

"मग सगळ्यांना घरी जाता येईल."

ब्रश खाली ठेवला आणि चित्र त्यांच्याकडे वळवलं. मी स्वतः ते अजून पाहिलं नव्हतं.

"हाच," मी म्हणाले.

ते पुढे वाकले. पूर्वीइतक्याच लक्षाने पाहू लागले. त्यांच्या ओळखीचं काही त्यात त्यांना दिसलं असेल असं मला वाटत नाही. कागदावरचा आधीचा मजकूर त्यांनी एकेका ओळीने खोडला आणि नवा लिहिला. पुटपुटत लिहीत होते. कपाळ, भुवया, नाक, ओठ. मग उठले. "मेहेरबानी, बाई."

मी दारापर्यंत गेले. ते बाहेरच्या जागेत आले, कागद वर धरला आणि खाली जिन्याकडे तोंड करून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

पहिल्या दोन ओळींपर्यंत खालून पट्ट्यांचा, श्वासांचा आवाज येत होता. मग तो थांबला. अगदी सगळा थांबला. खाली खूप माणसं एकाच वेळी मान वर करतात तशी शांतता.

त्यांनी वाचणं थांबवलं. माझ्याकडे वळून पाहिलं.

"बाई," ते म्हणाले. "त्यांना सांगा..."

मी दार लावून घेतलं. कडी घातली. पायऱ्यांवरून पावलं वर येऊ लागली. सहापेक्षा पुष्कळ जास्त, न धावता, न बोलता, एका लयीत. माझ्या दारापाशी ती थांबली. कापड ओढल्याचा आवाज आला. दारावर एकदा बोटं वाजली, फक्त एकदा. मी दाराला पाठ लावून उभी होते आणि समोरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मग पावलं उतरत गेली. त्यांत काहीतरी ओढत नेल्याचा आवाज होता.

९

उदगीरच्या फाटकाशी त्यानंतर कुणी आलं नाही. मनस्विनीने आठवडाभर रोज तीन वाजता फोन करून तसं कळवलं. श्रीनाथ कॉलेजात जाऊ लागला. मी केलेलं मी त्याला सांगितलं नाही. एका थकलेल्या माणसाला मी बसवलं आणि त्याच्याच माणसांच्या हाती दिलं, हे कोणत्या शब्दांत सांगायचं? तो कोण होता हे मला माहीत नाही, आणि जिन्यात उभ्या असलेल्यांनाही तोपर्यंत माहीत नसावं.

सतरा तारखेला देवपिंपरीत चित्र लावलं. सरांनी भाषण केलं. लोक एकेक करून पुढे येऊन पाहत होते, हात जोडत होते. परत जागेवर आल्यावर एकमेकांना विचारत होते, नाक कसं काढलंय रे? आणि पुन्हा पाहायला जात होते. केवळाबाई काठी टेकत आल्या, पाहिलं, वळल्या, आणि डोळे मिटून क्षणभर उभ्या राहिल्या.

"बरं झालं," त्या मला म्हणाल्या. "सांगता येत न्हाई कुणाला." मग माझा हात धरला. "तुला काय झालं, बाई? तू माझ्याकडं वळखीचं बघून न्हाई राहिलीस."

खरं होतं ते. त्या बोलल्या तेव्हा कुठं मला कळलं की समोर केवळाबाई आहेत.

त्या गुरुवारी, चित्र काढता काढता, जे पोपडे गळत होते ते माझेच होते. शाळेत मुलींना मी बाकावरून ओळखते, दयानंद सरांना चष्म्यावरून. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, त्यात काही दिसलं नाही. डोळे उत्तम आहेत. समोर चेहरा असतो तोवर तो मला पूर्ण दिसतो, नजर हटली की जातो. भिंतीवरच्या आईच्या फोटोखाली मी तिचं नाव लिहून ठेवलं आहे. चित्रांची कामं घेत नाही. माणसं आवाजावरून ओळखता येतात, आणि तेवढ्यावर बरंच भागतं.

परवा दिवाळीसाठी उदगीरला गेले. श्रीनाथ स्टँडवर घ्यायला येणार होता. एसटीतून उतरले तर फलाटावर चिक्कार गर्दी, भोंग्यावर गाड्यांची नावं, फेरीवाल्यांचा ओरडा. पन्नासेक पुरुष उभे होते आणि मला एकही माहीत नव्हता. मी पिशवी पायाशी ठेवली आणि थांबले. यालाही आता सरावले आहे. थांबायचं, कुणीतरी हाक मारतं.

"ताई!"

गोंगाटात आवाज धड ओळखू आला नाही. वळले. दोघं जण माझ्याकडे पाहत होते. दोघंही उंच, दोघंही हसत. एक स्टॉलपाशी होता, एक खांबापाशी. मी एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्याकडून पुन्हा पहिल्याकडे पाहीपर्यंत पहिला पुन्हा परका झाला होता.

दोघंही माझ्या दिशेने चालू लागले. त्यांतला एक आधी पोचला. मी भुवईतली खाच शोधेपर्यंत त्याने काही न बोलता माझी पिशवी उचलली आणि पाठ फिरवली.

मी त्याच्यामागे चालू लागले.